तिसरी रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, समितीतल्या मित्रांना नाही. देवळात नाही – मी देवळात जात नाही, पण गेलो असतो तरी तिथंही गप्पच बसलो असतो. आठ वर्षं झाली. सौंसरच्या बाजारात माझा आवाज सगळ्यांना ओळखू येतो; कलेक्टर असो, मंत्री असो, मी तोंडावर बोलतो असं लोक म्हणतात. खरं आहे. दुसऱ्याचं पाप मी भर चौकात, भोंगा न लावता सांगू शकतो. स्वतःचं सांगायला बसलो तर आज सकाळपासून तीन कागद फाडले आहेत.

घाबरलो आहे. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाकडं लिहिलं तर तुम्हाला कारण कळेल.

तुम्ही ते पत्रक वाचलं असेल. या भागात ते कुणी वाचलं नाही? 'कन्हानकाठी कुणी मारलं?' – लाल शाईतलं शीर्षक, खाली एक पान मजकूर. ज्याला आमची नदी कळत नाही, ज्याला आमच्या माणसांचं बोलणं कळत नाही, असा अधिकारी आमची घरं बांधणार आणि आम्ही बुडणार – असं त्यात होतं. ते मी लिहिलं. एका बैठकीत, एकही शब्द न खोडता. इतकं सुबक मी आधी कधी लिहिलं नव्हतं, नंतरही नाही. लोकांनी ते पाठ केलं. भाषेच्या प्रश्नावर सभा असली की अजूनही कुणीतरी उठतो आणि कन्हानच्या ढिवरटोलीची गोष्ट सांगतो. मी मंचावर बसलेला असतो. मान डोलावतो. हातात पाण्याचा पेला असेल तर खाली ठेवतो.

ते सगळं पत्रक एका ओळीवर उभं आहे, आणि ती ओळ खोटी आहे. ती एक ओळ कोणती, तिथं मला यायचं आहे. थेट येता येईल असं वाटत नाही.

लोधीखेड्याच्या अलीकडे कन्हान एक मोठं वळण घेते. वळणावर डोह आहे, आणि डोहाच्या सौंसरकडच्या काठावर ढिवरांची टोली – तेव्हा बारा घरं होती. सगळे मासेमारीवर जगणारे. पंचावन्नच्या पावसाळ्यात नदीनं ती बारा घरं धुऊन नेली. माणसं वाचली, कारण ढिवर पाण्याचा आवाज ओळखतात. गुरगुर बदलली की जाळी खांद्यावर टाकून सगळे मागच्या टेकाडावर पळतात. पहिल्यापासून असंच. घर जाऊ दे, जाळं राहिलं पाहिजे. घर महिन्यात उभं होतं, जाळं विणायला वर्ष जातं.

आम्ही समितीची पोरं – सौंसर मराठी मुलखात राहावं म्हणून भांडणारी – तिथं गेलो. मी बावीस वर्षांचा, नागपूरला कॉलेज अर्धवट सोडून आलेला, खिशात दोन पेनं. टेकाडावर सागाच्या पानांची झोपडी करून माणसं बसलेली पाहिली आणि डोकं तापलं. दर दोन-चार वर्षांनी हे वाहून जाणार आणि सरकार दर वेळी घोंगड्या वाटणार? मी अर्ज लिहिले. नागपूरला, छिंदवाड्याला, पुन्हा नागपूरला. तेव्हा राजधानी नागपूरच होती, सचिवालयाच्या दारात जाऊन बसता यायचं. बसलो. शेवटी मंजुरी आली: सामान सरकारचं, मेहनत लोकांची, आणि देखरेखीला एक ओव्हरसियर.

तो ओव्हरसियर म्हणजे तिवारीबाबू. जबलपूरकडचा, चाळिशीचा, बारीक, कानाला मफलर. पत्रकात मी त्याला 'खुर्चीत बसून नदी मोजणारा' म्हटलं आहे. खोटं. तो खुर्चीत बसलेला मी पाहिलाच नाही. आल्या दिवशी धोतर खोचून चिखलात उतरला आणि डोमाबाबाला विचारत सुटला – पाणी कुठून येतं, आधी काय पडतं, भिंत पडते की छप्पर.

डोमाबाबा टोलीतला सगळ्यात म्हातारा. त्याचं मराठी तिवारीबाबूला निम्मं कळायचं, उरलेलं मी सांगायचो. पण खरं सांगू? त्या दोघांना माझी फारशी गरज नव्हती. ते एकमेकांचे हात पाहून समजून घ्यायचे.

"भित पाण्यासंग भांडते," डोमाबाबा म्हणाला. "म्हणून पडते. तट्टा भांडत नाही. येन दे, जान दे."

तिथून ते घर निघालं. अजून कुणी विचारलं तर मी डोळे मिटून काढून दाखवीन. खाली दगड-चुन्याचं उंच जोतं, नदीकडच्या तोंडाला होडीसारखं निमुळतं, म्हणजे धार फाटून दोन्ही बाजूंनी जाईल. जोत्यात पुरलेले सागवानी खांब. भिंती मातीच्या नाहीतच – बांबूचे तट्टे, खांबांना दोरीनं बांधलेले. वेळ आली तर गाठ सोडायची, तट्टा वर टांगायचा. वरती माळा, जाळी आणि धान्य ठेवायला. मागच्या बाजूनं टेकाडाकडे दगडाच्या पायऱ्या. साधं होतं. सुंदर होतं. तट्टे टोलीतल्या बायांनीच विणले. डोमाबाबाची सून सरजा सगळ्यांत भराभर विणायची आणि विणता विणता माझी थट्टा करायची. तिचा नवरा गणपत नागपूरच्या गिरणीत होता, महिन्याकाठी यायचा. मी नकाशा पसरला की ती वाकून पाहायची.

"भाऊ, तुमच्या कागदात आमचं घर किती मोठं दिसते जी! याच्यात चूल कुठी काढली? का आम्ही पुढारी झालो, भाषणंच खाऊ?"

चूल काढायची राहिली होती. तिवारीबाबू हसला आणि त्यानं चूल काढली.

आता सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं. जोतं किती उंच? जोतं पुराच्या वर राहिलं तर घर राहतं. पूर जोत्यावर आला तर? तर वाहून जाणाऱ्या झोपडीपेक्षा ते घर वाईट, कारण पळून न जाण्यासाठीच ते बांधलेलं.

पुराची उंची ढिवरांपाशी होती. डोहाच्या पलीकडच्या काठावर एक सरळ काळा कडा आहे. मोठा पूर ओसरला की टोलीतला सगळ्यात म्हातारा माणूस डोंग्यातून तिथं जातो, पाणी जिथवर चढलं होतं तिथं शेंदराची आडवी रेघ ओढतो आणि नदीला नारळ देतो. दर पुराला नाही; आधीच्या रेघेला शिवला किंवा वर गेला, तरच. कड्यावर तीन रेघा होत्या. खालच्या दोन आमच्या काठावरून दिसत. तिसरी दिसत नसे. तिच्यावर झुडूप वाढलं होतं, शेंदूर काळा पडला होता.

"तिसरी माह्या आज्यानं वढली," डोमाबाबानं सांगितलं होतं. "माह्या बापानं पाह्यली, म्या पाह्यली. तिच्यावर पाणी गेलं नाही. तिच्या खाली राहू नका, भाऊ."

मोजायची रीतही सोपी होती. तिवारीबाबूनं आमच्या काठावर, पाण्याच्या अगदी कडेला, खुंटी ठोकली. म्हणाला, "इस पार पानी जहाँ है, उस पार भी वहीं है. पानी झूठ नहीं बोलता." म्हणजे पलीकडे जाऊन पाण्यापासून तिसऱ्या रेघेपर्यंत टेप लावायचा, तेवढीच उंची अलीकडे खुंटीपासून धरायची. पोरालाही जमेल असं काम. तिवारीबाबू स्वतः जाणार होता, पण त्याला हिवताप भरला. सौंसरच्या विश्रामगृहात दोन रजया घेऊन कुडकुडत पडला होता. कागद आठवड्यात पाठवायचे होते. त्यानं टेप माझ्या हातात दिला.

मला पोहता येत नाही.

लहानपणी बुडता बुडता वाचलो, विहिरीत भाऊ गेला – असं काही नाही. काहीच झालेलं नाही. मला पाण्याची भीती वाटते, बस. हे कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यानं पोलिसांच्या लाठीपुढं छाती काढली त्याला हे कसं सांगता येईल?

डोंगा काठाला लागला होता. डोमाबाबा मागं बसलेला, हातात वल्हं. नदी शांत होती, हिवाळा होता, ऊन पडलं होतं. मी एक पाय आत ठेवला. डोंगा सरकला – वीतभर, जास्त नाही – आणि माझ्या पायाखालून जग सरकलं. मी पाय काढून घेतला. खाली पाणी हिरवं होतं, तळ दिसत नव्हता.

डोमाबाबानं पाहिलं. त्यानं हसू दाबलं नाही, दाबायचं त्याला कारणही नव्हतं.

"काहून गा? गोटमारीत दगड खाले पुढं, आन् डोंग्यात बसाले मागं?"

गोटमार म्हणजे पोळ्यानंतरची पांढुर्ण्याची दगडफेक, नदीच्या दोन काठांवरून होणारी; तिच्यात मी पुढं असायचो. मग तो मऊ झाला. मला ते जास्त झोंबलं.

"भेव लागते तं राहू दे, बाप्पा. मी मोजून आणतो. दोराले गाठ मारीन."

आणि मी म्हणालो – हे वाक्य मी आठ वर्षं रोज ऐकतो – मी म्हणालो, "हे सरकारी काम आहे. तुला टेप वाचता येतो का?"

त्यानं वल्हं आडवं ठेवलं. मी म्हणालो उद्या येतो, आज डोकं दुखतं.

आलो नाही. दुसऱ्या दिवशी सौंसरला सभा होती आणि तिच्यात माझं भाषण होतं. पण सभा नसती तरी आलो नसतो. त्याच दुपारी परत निघण्याआधी काठावर बसून मी कड्याकडे पाहिलं. दिसणाऱ्या दुसऱ्या रेघेपर्यंत अंदाज केला – एक माणूस, दोन माणसं, वर थोडं – आणि तिसरी तिच्या हातभर वर असेल असं मनाशी ठरवून वहीत लिहिलं: चौदा फूट. अक्षर चांगलं काढलं. खाली रेघ मारली.

विश्रामगृहात तिवारीबाबू उठून बसला. डोळे लाल, ओठ फुटलेले.

"तीसरी लकीर तक?"

"तिसरी."

"खुद नापा?"

"खुद."

एवढंच. दोन शब्द. त्यानं माझ्यासमोर नकाशावर चौदा लिहिलं, एक फूट वर धरला, पंधरा. आणि माझे आभार मानले. मी बाहेर आलो तेव्हा इतकं हलकं वाटलं की बसस्टँडवर दोन आण्याचे चिवडा-पोहे खाल्ले. हे कशाला सांगतो? तुम्हाला वाटू नये की मी तेव्हाच तळमळत होतो. नव्हतो.

दोर दुसऱ्या दिवशी आला. सभा संपली, लोक पांगत होते, आणि डोमाबाबा गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत पोचला. लोधीखेड्यापासून चालत आला होता. त्यानं धोतराच्या ओच्यातून अंबाडीच्या दोराचं भेंडोळं काढलं. एका टोकाला जाळ्याचा शिशाचा मणी, मध्ये एक घट्ट गाठ, गाठीवर शेंदूर.

"काल तू गेल्यावर मीच जाऊन आलो. गाठ रेघेवर, मणी पाण्याले; तिथं कड्याले खूण केली. बाबूले देजो. तुह्यावाल्या टेपानं पाहून घेजो."

माझा टोमणा त्यानं परत केला नव्हता. तो फक्त काम करून आला होता.

मी दोर पिशवीत टाकला. तिवारीबाबूला दिला नाही. दिला असता तर त्यानं विचारलं असतं – तू मोजून आलास, मग हा दोर कशाला? – आणि मला सांगावं लागलं असतं. नुसतं एवढं. एक नकाशा खोडायचा होता, एक आकडा बदलायचा होता, एक माणूस माझ्यावर दहा मिनिटं रागावला असता. मी दोर तसाच ठेवला. तो मी कधी मोजला नाही, त्यामुळे माझा आकडा चुकलाय हे मला ठाऊक नव्हतं.

नाही. हेही खोटं आहे. पाहा, इथं, तुमच्यासमोर बसूनसुद्धा सुटत नाही. मी तो त्याच संध्याकाळी मोजला. घरी, दार लावून, जमिनीवर ताणून. साडेसतरा फूट भरला. पुन्हा मोजला. साडेसतरा. मग गुंडाळून ट्रंकेत, जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्याखाली ठेवला.

घरं पंधरावर बांधली गेली. उन्हाळाभर दगड वाहिले, मीही वाहिले, हाताला फोड आले. जसजसं जोतं वर येऊ लागलं तसतसा मी स्वतःला पटवत गेलो – आज्याच्या वेळची रेघ, कोण जाणे खरी की नाही, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. डोमाबाबा एकदा पूर्ण झालेल्या जोत्यावर उभा राहिला आणि पलीकडच्या कड्याकडे टक लावून पाहत राहिला.

"ठेंगणं वाटते," म्हणाला.

"तिवारीबाबूनं हिशेबानं काढलंय," मी म्हणालो.

तो जोत्यावरून उतरला. शिकलेल्यांच्या हिशेबापुढं तो नेहमी गप्प बसायचा. ती सवय त्याला आम्हीच लावलेली.

ज्येष्ठात घरं उघडली. मी भाषण केलं. म्हणालो, "पिढ्यान् पिढ्या तुम्ही पळालात. आता पळायचं नाही. आता जोत्यावर बसून पूर पाहायचा." टाळ्या पडल्या. सरजानं सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

भादव्यात, पोळा होऊन गेल्यावर, कन्हान आली. वर कुठंतरी तीन दिवस पाऊस लागला होता. टोलीतली माणसं थांबली. पळायची सवय असलेली माणसं आमच्या शब्दावर थांबली. सकाळी पाणी बारा फुटांच्या आसपास होतं. दुपारी जोत्याला लागलं, मग जोत्यावर आलं. नदीकडच्या पहिल्या घरांत गुडघ्याच्या वर चढलं. तट्टे सोडले, टांगले – सगळं जसं ठरवलं होतं तसं केलं त्यांनी – खांब हलले नाहीत, एकही घर पडलं नाही. घरं उत्तम बांधली होती. माणसं मागच्या पायऱ्यांनी एकमेकांना धरून टेकाडावर निघाली. डोमाबाबा लोधीखेड्याला मासे विकायला गेला होता, अडकून पडला.

सरजा माळ्यावर चढली, जाळं काढायला. मोठं जाळं होतं, सासऱ्यानं विणलेलं. ते खांद्यावर टाकून शिडीवरून उतरली, तिनं पाय पाण्यात ठेवला, जाळ्याचा एक पदर सुटून धारेत पडला – आणि भरला. धारेनं ते जाळं ओढणीसारखं फुगवलं. सोडलं असतं तर वाचली असती. टेकाडावरून बाया ओरडत होत्या, सोड वं, सोड! ढिवराची बाई जाळं सोडत नाही. उघड्या तट्ट्यांमधून, जसं पाणी जावं म्हणून आम्ही ठेवलं होतं तसंच, ते तिला घेऊन गेलं.

पाणी तिसऱ्या रेघेच्या वीतभर खाली थांबलं. आज्याची रेघ खरी होती.

तिसऱ्या दिवशी ती सापडली. मी गेलो. डोमाबाबा जोत्यावरच्या चिखलात बसला होता. तो रडत नव्हता. त्यानं मला एकच विचारलं.

"भाऊ, माहा दोर कुठी हाय?"

माझ्याजवळ श्वास घेण्याइतका वेळ होता. त्या वेळात माणूस खरं बोलू शकतो.

"तिवारीबाबूला दिला होता," मी म्हणालो. "त्यानं पाहिला नाही."

हीच ती ओळ. पत्रकातली खोटी ओळ. 'एका वृद्ध ढिवरानं स्वतः मोजून दिलेला दोर या अधिकाऱ्यानं कोपऱ्यात फेकला, कारण गाठीची भाषा त्याला वाचता येत नव्हती.' – लोकांना हीच सगळ्यांत आवडते.

पत्रक निघायच्या आधी तिवारीबाबू माझ्या घरी आला होता. आईनं त्याला पाणी दिलं. त्यानं वही उघडली. सगळी पानं बेरजा-वजाबाक्यांनी भरलेली, पुन्हा पुन्हा केलेली, शाई पसरलेली. तो स्वतःची चूक शोधत होता. "कहीं मुझसे जोड़ में गलती हुई है," म्हणाला. "तुम देखो तो. तुम्हारी आँख जवान है." मी वही हातात घेतली. पानं उलटली. पाहिल्यासारखं केलं.

मग चौकशी बसली, टोलीतच, चिंचेखाली. माणसं दाटीनं आलेली, माझं पत्रक हातोहात फिरलेलं. डोमाबाबाला उभं केलं. तो माणूस जन्मात खोटं बोललेला नाही; मी त्याच्या तोंडून बोलवलं.

"म्या दोर देल्ला होता. बाबूनं पाह्यला नाही."

तिवारीबाबूनं मान वर केली. "कौन-सी रस्सी?"

लोक ओरडले. कुणी म्हणालं, पाहा, दोर म्हणजे काय तेही याला कळत नाही! तो गोंगाटातच पुन्हा म्हणाला, मला कोणी दोर दिला नाही. आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं – मी पाहिलं कळताना. तो ओरडला नाही. माझ्याकडे बोट केलं नाही. वाट पाहत राहिला. किती वेळ? माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. मी वरच्या पत्रकाचे कोपरे सरळ करत बसलो.

त्याला निलंबित केलं. महिन्या-दीड महिन्यात नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, नागपूरचे कागद गाड्यांतून निघाले आणि तिवारीबाबूचं प्रकरण त्यांत कुठं गेलं कुणाला कळलं नाही. त्यानं अपील केलं असेल तर कुणाकडे? मी कधी शोधलं नाही. शोधायची भीती वाटली – तो सापडला असता तर? बसमधून मफलर बांधलेला माणूस उतरला की अजून मी वाट बदलतो. दारावर थाप पडली, की आधी ट्रंकेकडे नजर जाते. आपलं सौंसर-पांढुर्णं महाराष्ट्रात जायचं होतं, गेलं नाही, त्यावर मी अन्याय, अन्याय म्हणून घसा कोरडा करतो. अन्याय हा शब्द उच्चारताना मला दर वेळी चिंच दिसते.

अजून एक राहिलं. इथं थांबता आलं असतं. थांबावं असं फार वाटतं.

पुराच्या दिवशी मी नंतर पोचलो, टेकाडावरून पाहिलं – असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. मी सकाळीच तिथं होतो. सायकल घेऊन, भिजत, घरं कशी टिकतात ते पाहायला गेलो होतो. पाणी बारा फुटांवर होतं. सरजा जोत्याच्या कडेला उभी होती, पदर खोचून, पाण्याचा आवाज ऐकत. ढिवरांना कळतो तो आवाज. तिनं मला पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं,

"भाऊ, निघू का?"

ट्रंकेत साडेसतरा फूट दोर होता. मला ठाऊक होतं. निघा म्हटलं असतं, तर का, असं तिनं विचारलं असतं.

"थांबा," मी ओरडलो. "जोत्यावर येत नाही."

आणि सायकल वळवली. टेकाडावर गेलो, कोरड्यात.

झालं. हे सांगायचं होतं.

या उन्हाळ्यात टोलीत पुन्हा बांधकाम आहे. त्याच जोत्यांवर आणखी थर चढवायचे ठरलं आहे. नवा ओव्हरसियर आला आहे, मराठी बोलणारा. मागच्या आठवड्यात डोमाबाबा माझ्या घरी आला. आता कमरेत वाकला आहे. त्यानं ओच्यातून नवा दोर काढला, कड्यावरच्या त्याच खुणेपासून मोजलेला – मणी, गाठ, शेंदूर.

"या खेपेले तूच जवळ उभा राहून मोजजो," म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात देऊ नोको. तुह्यावरच भरवसा हाय."

तो गेल्यावर मी ट्रंक उघडली आणि दोन्ही दोर शेजारी शेजारी ताणले. मण्याला मणी लावला. गाठीला गाठ आली, केसाचाही फरक नाही.

नवा दोर काल ओव्हरसियरच्या हातात दिला, समोर मोजायला लावला. जुना माझ्याकडे आहे.

हे छापायला देण्याआधी डोमाबाबाला ऐकवायचं आहे. त्याला वाचता येत नाही. आजवरची माझी सगळी पत्रकं मीच त्याला वाचून दाखवली आहेत, मोठ्यानं, हात उंचावून. उद्या जातो. जुना दोर पिशवीत टाकला आहे. दुपारचा तो डोहात, डोंग्यात बसलेला असतो, जाळं सांधत. काठावरून ओरडून वाचण्यासारखं हे नाही.